टॉवरवरचा ढोल

मला धीर नाही, हे काळेवाडीत आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कुकरची वाफ जिरायची वाट बघणं माझ्याच्याने होत नाही. मी चमच्याने शिट्टी उचलते आणि भिंतीवर डाळीचे शिंतोडे उडवते. स्टॉपवर उभं राहण्यापेक्षा पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जावं म्हणून निघते, आणि मध्येच बस माझ्या अंगावर धूळ उडवून निघून जाते. अशा मुलीचं लग्न चाकणजवळच्या एका गावात झालं आणि सासरे मिळाले ते असे, की त्यांनी एका कंपनीचे शेअर घेतले आणि वर्षानुवर्षं ते नुसते धरून बसले. शेअर त्यांचे होते आणि रक्त माझं आटत होतं.

आमच्या गावची निम्मी जमीन कारखान्यांखाली गेली. उरलेल्या निम्मीत कांदा, ज्वारी आणि बैल. घरटी एक माणूस तरी कंपनीत जातो, आणि शिफ्ट सुटली की थेट गोठ्यात शिरतो. मी स्वतः चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघते. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते कंपनीतून निवृत्त झाले, बैलांतून कधीच होणार नाहीत. गोठ्याच्या भिंतीपलीकडे त्यांच्या धाकट्या चुलतभावाचं घर. ते आमचे काका.

मी लग्न होऊन आले तेव्हा या दोघांचा शर्यतीचा बैलगाडा एकच होता. गाड्याला चार बैल लागतात, त्यातले दोन आबांचे आणि दोन काकांचे. संध्याकाळचा चहा काकांच्या ओट्यावर, काकींच्या हातचा. आबा बशीतला पहिला घोट घ्यायचे आणि रोज म्हणायचे, "साखर कमी हाय." काकी रोज म्हणायच्या, "मग घरी जाऊन प्या." एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं नाही. नवी सून म्हणून मी ते ऐकायची आणि मला वाटायचं, माझं नशीब चांगलं आहे, ही माणसं मजेशीर आहेत.

मग मोबाइलचा टॉवर आला.

टॉवरसाठी जागा शोधत एक एजंट आला. आधी तो काकांकडे गेला. काका म्हणाले, विचार करून सांगतो. ते विचार करत होते तेवढ्यात एजंट चहाला आमच्याकडे आला आणि आबा हो म्हणून मोकळे झाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. भावाला नको असेल असं ते धरून चालले. काकांनी मात्र गावभर सांगितलं, "दादानं माझ्या ताटातलं उचललं." पुढे दुसऱ्या एका मोबाइल कंपनीला जागा हवी होती, ती काकांनी दिली. आता आमच्या वावरात एक टॉवर आणि बांधापलीकडे त्यांच्या वावरात दुसरा. त्या दोन कंपन्या टीव्हीवरच्या जाहिरातींत एकमेकींना टोमणे मारायच्या, आणि इकडे दोन भाऊ त्यांची बाजू घेऊन तोंड फिरवायचे. ओट्यावरचा चहा बंद झाला. एकत्र गाडा मोडला. दोघांचे बैल आपापल्या गोठ्यात.

एके दिवशी आबा माझ्याकडे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाई, आपल्या भाडेकरूचा शेअर असतो म्हनं. त्यो घ्यायचाय." आपला भाडेकरू म्हणजे टॉवर. त्याच्या वरच्या टोकाला एक पांढरी गोल ताटासारखी वस्तू असते, तिला आमच्या गावात ढोल म्हणतात. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि नव्या डोळ्यांचा पहिला उपयोग म्हणून त्यांनी टॉवरखाली उभं राहून त्या ढोलावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचून आणली होती. मी मोबाइलवर शोधलं. त्या नावाची कंपनी बाजारात होती. खातं उघडलं, त्यांच्या फंडातल्या थोड्या पैशांचे शेअर घेऊन टाकले. मला वाटलं, एक-दोन महिन्यांची हौस आहे.

"आता हे नाव कुनाला सांगायचं न्हाई," आबा म्हणाले.

याचं कारण बैलगाड्यात आहे. शर्यतीत कोणता बैल जुंपणार हे आमच्याकडे आधी कुणाला सांगत नाहीत. नजर लागते. बैलाला झूल टाकून झाकून नेतात आणि शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, उतरवल्यावरच लोकांना दिसतो. आबांनी हाच कायदा शेअरला लावला. घरात त्याचं नाव "आपला" असं पडलं. आपला कसाय? आपला पडला. आपला जरा उठला. मीसुद्धा तेच म्हणायला लागले, आणि आज हे लिहिताना त्या कंपनीचं नाव माझ्याही लेखणीतून उतरत नाही.

काका गप्प बसणारे नव्हतेच. मारुतीच्या देवळासमोर चार माणसांत त्यांनी जाहीर केलं की आपणही आपल्या टॉवरचा शेअर घेतला आहे, मुलाने घेऊन दिलाय, आणि तो दादाच्या शेअरला पाणी पाजेल. तिथेच पैज लागली. जो आधी विकेल तो हरला, आणि हरणाऱ्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन चहा मागायचा. गावाला हे फार आवडलं. सासूबाईंना अजिबात नाही. त्या मला म्हणाल्या, "ह्ये दोघं कधी इकायचे न्हाईत, आन ह्यांचा चहा कधी व्हायचा न्हाई. बघ तू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेअर वर गेला काय आणि खाली आला काय, आमच्या घरात खरा प्रश्न तेवढाच होता, की हे दोन म्हातारे पुन्हा एका ओट्यावर बसणार का.

त्यानंतर मोबाइलच्या धंद्यात जी मारामारी झाली ती सगळ्यांनी पाहिली आहे. एकाने दर पाडले, दुसऱ्याने आणखी पाडले, मग कुणी जवळजवळ फुकटच वाटायला लागलं. लोक खुश, कंपन्या रडकुंडीला. आमच्या टॉवरवाली कंपनी त्या धक्क्यात बसली ती उठलीच नाही. एक दिवस माणसं येऊन खालच्या खोलीतली यंत्रं घेऊन गेली. भाडं बंद. नुसता लोखंडी सांगाडा आणि वर तो ढोल उरला, त्यावर घारी बसायला लागल्या.

मी संध्याकाळी धावत घरी आले. "आबा, संपलं! कंपनी बुडाली! सांगत होते विका म्हणून!" मी खातं उघडलं, आणि बघते तर शेअर खाली आला होता, पण होता. चांगला जिवंत होता. बुडालेल्या कंपनीचा शेअर जिवंत कसा, हे मला कळेना. शेवटी शोधून वाचलं तेव्हा उलगडा झाला. आबांनी टॉवर चालवणारीचा शेअर घेतलाच नव्हता. त्यांनी घेतला होता ढोल बनवणारीचा. ती बिनतारी यंत्रं बनवून ज्याला हवी त्याला विकायची, तिचा आमच्या भाड्याशी काडीचा संबंध नव्हता.

हे मी आबांना समजावून सांगितलं. आपला भाडेकरू वेगळा होता, आपण भलत्याचाच शेअर घेतला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्यो ढोल कुनाचा?"

"ढोल आपल्याच कंपनीचा."

"मंग बरोबरच घेतलाय की," म्हणाले आणि बैलांना पेंड घालायला गेले.

माझं डोकं फिरायचं ते असं. ढोलवालीचे दिवसही काही बरे नव्हते. मोबाइल कंपन्या भांडत होत्या तोवर नवी यंत्रं घ्यायला त्यांच्याकडे पैसा नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांना परदेशी कंपन्या स्वस्तात माल देत होत्या. शेअर एकदा खाली गेला तो तिथेच लोळत पडला. माझ्या ऑफिसात लोक शेअर सकाळी घेऊन दुपारी विकत होते आणि पार्टी देत होते. मी दर गुरुवारी, म्हणजे आमच्या इंडस्ट्रियल भागातल्या सुट्टीच्या दिवशी, आबांपुढे मोबाइल नाचवत उभी राहायची. विका, विका, विका. आबा म्हणायचे, "तू रोज उठून बैलाचं दात बघतीस. त्यो लाजत आसंल." कधीकधी मला वाटायचं, पैज नसती तर त्यांनी केव्हाच विकला असता. आणि कधी त्यांच्याकडे बघून वाटायचं, पैज नसती तरी हा माणूस असाच बसला असता. टॉवरखालची खोली रिकामी झाल्यावरही ते अधूनमधून मान वर करून ढोलाकडे बघायचे. त्यात त्यांना काय दिसायचं देव जाणे, पण चेहरा समाधानी असायचा.

एका गोष्टीत मात्र त्यांनी आम्हा सगळ्यांना छळलं. त्यांची मोबाइल कंपनी बंद झाल्यावर नवं सिम घ्यायची वेळ आली. गावात रेंज फक्त काकांच्या टॉवरची. पण भावाच्या टॉवरवरून बोलायचं म्हणजे नाक कापल्यासारखं! आबांनी तिसऱ्याच कंपनीचं सिम घेतलं. ते फक्त गोठ्यात, गव्हाणीच्या दगडावर चढून उभं राहिलं तरच चालायचं. पुण्याहून नणंदेचा फोन आला की आबा "हॅलो, थांब, थांब" करत गोठ्याकडे पळायचे. सगळं बोलणं बैलांच्या साक्षीने व्हायचं.

पलीकडे काकांचा थाट वेगळाच. त्यांच्या टॉवरवाली कंपनी टिकली होती, मोठी झाली होती. टीव्हीवर तिची जाहिरात लागली की काका आवाज वाढवायचे, इतका की आमच्या बैलांचे कान उभे राहायचे. आबा पुटपुटायचे, "धाकल्याचा लई वर गेला आसनार." मलाही तसंच वाटायचं. मग शर्यतींवर मध्यंतरी आलेली कोर्टाची बंदी उठली आणि गावात पुन्हा गाडे निघाले. दोघांनीही बाहेरगावचे दोन-दोन बैल उसने आणून आपापला गाडा उभा केला आणि दोघेही त्याच घाटात, सगळ्यांसमोर, सपाटून आपटले. परतताना आमची जीप पुढे, त्यांची मागे, कुणी कुणाशी बोललं नाही. त्या दिवशी मला आबांची पहिल्यांदा कीव आली. शर्यत हरल्याचं त्यांना काही नव्हतं. "आपली चारी एकत्र असती तर," एवढंच ते म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही.

अलीकडचीच गोष्ट. एका बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले तर फाट्यावर काका उभे. माझीच वाट बघत होते. इतक्या वर्षांत ते माझ्याशी धड बोलले नव्हते. म्हणाले, "पोरी, एक काम करशील? दादाला सांगायचं न्हाई." त्यांचा मुलगा हिंजवडीला आयटीत, मारुंजीला भाड्याने राहतो. आता तिथेच फ्लॅट बघतोय आणि आई-वडिलांनी कायमचं यावं म्हणतोय. काका शेअर विकून त्याला हातभार लावणार होते, बैल विकणार होते, घराला कुलूप लावणार होते. "पोराला इकायला सांगितला तर त्यो हसंल. एवढी वर्सं काय केलं म्हनंल. गावात मी लई फुशारकी मारली, पन आमचा शेअर काय पळाला न्हाई गं. आत्ता कुठं जरा हालतोय."

मी त्यांचा मोबाइल घेतला आणि खातं उघडलं. त्यात एकच शेअर होता. आपला.

मी नाव दोनदा वाचलं. तेच. आबांचाच. "काका, हे नाव तुम्ही कुठून घेतलं?" "कुठून म्हंजे? टॉवरवरच्या ढोलावर लिवलंय की!" मी मान वर करून त्यांच्या टॉवरकडे बघितलं. इतकी वर्षं तो टॉवर मी रोज बघत होते, पण त्याच्या ढोलावर काय लिहिलंय ते बघायचं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. शत्रूकडे कोण निरखून बघतं! दोन्ही टॉवरांवर एकाच कंपनीचे ढोल. एकमेकांचा गळा धरलेल्या दोन कंपन्या एकाच दुकानातून माल घेत होत्या. आणि नजर लागेल म्हणून नाव झाकून हे दोन भाऊ एकाच शेअरवर एकमेकांविरुद्ध पैज लावून बसले होते. एकाचा पडला की दुसऱ्याचाही पडायचा, आणि दोघेही दुसऱ्याचा वर गेला समजून झुरायचे.

मला हसू आवरेना. काका घाबरले, त्यांना वाटलं शेअर बुडाला. "बुडाला नाही काका. आता बाजार बंद झालाय. उद्या गुरुवार आहे, मला सुट्टी आहे, सकाळी दहाला करू." दादाला सांगणार नाही अशी शपथ त्यांनी माझ्याकडून घेतली. माझ्यासारखीकडून! घरी पोहोचेपर्यंत ती गोष्ट माझ्या पोटात उड्या मारत होती. स्वयंपाक करताना मी दोनदा एकटीच हसले आणि नवऱ्याने विचारलं, ओव्हरटाइम जास्त झाला का.

जेवताना सासूबाईंनी गावातून आलेली बातमी सांगितली. काका-काकी मारुंजीला चालले, कायमचे. शेअर विकण्याचं कुणाला माहीत नव्हतं, जाण्याचं सगळ्यांना कळलं होतं. आबांच्या हातातला घास तसाच राहिला. भाकरी टाकून ते उठले. मी शपथ मोडायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक अख्खी रात्र धीर धरला.

सकाळी नऊलाच आबा माझ्यासमोर उभे. अंघोळ झालेली, टोपी घातलेली.

"सूनबाई, एक शेअर इक."

"काय?"

"एक. बाकीचे ऱ्हाऊ दे. एक इक."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्यांच्यापुढे मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ते आज आपण होऊन म्हणत होते. "धाकल्या चाललाय," आबा म्हणाले. "त्याच्या दारात मी जाऊ कसा? बोलावनं यायचं न्हाई. पैज हरलो की जाता येतंय." मला रडू आलं, आणि काका दहाला विकायच्या आत सगळं उरकायला हवं हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

बाजार उघडला. विकायचं तर आबांच्या मोबाइलवर ओटीपीचा आकडा यायला हवा, आणि तो यायचा फक्त गोठ्यात. आबा गव्हाणीच्या दगडावर चढले, हात उंच केला. बैल चारा थांबवून बघायला लागले. सासूबाई दारात, नवरा दात घासता घासता तिथेच. आकडा येईना. "जरा डावीकडं!" सासूबाई ओरडल्या. आबा डावीकडे झुकले आणि मोबाइल वाजला. मी आकडा टाकला. एक शेअर विकला गेला. एवढा धरून ठेवलेला शेअर निमिषात गेला, आणि आबा खाली उतरून चपला शोधायला लागले.

मी त्यांच्या मागोमाग. काका त्यांच्या ओट्यावरून खालीच उतरत होते, हातात मोबाइल, माझ्याकडे यायला निघालेले. भावाला दारात बघून ते जागीच थांबले.

"धाकल्या," आबा म्हणाले, "मी इकला. हरलो. चहा टाकायला सांग."

काकांचं लक्ष आधी माझ्याकडे गेलं, मग मोबाइलकडे. "आरं दादा, मी बी इकायलाच निघालो व्हतो. घटकाभर थांबला आसतास तर जिंकला आसतास की!"

"जिंकून काय करू? तुझ्या दाराचं कुलूप बघत बसू?"

काकांनी टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले. आता मात्र माझ्या पोटात काही राहीना. मी आबांचं खातं उघडलेला माझा मोबाइल आणि काकांचा मोबाइल ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, वाचा. आबांनी काकांचा वाचला, काकांनी आबांचा. मग दोघांनी एकदम मान वर केली, एकाने या टॉवरकडे, एकाने त्या. पुढे जे हसणं सुटलं ते ऐकून देवळासमोरची माणसं धावत आली. आबा काकांच्या पाठीवर गुद्दे घालत होते. "लेका, मी तुझ्यावर जळत व्हतो! माझ्याच शेअरवर!"

काका मारुंजीला गेले, पण कायमचे नाही. मुलाला द्यायचे तेवढे शेअर विकून दिले, बाकीचे ठेवले. सातव्या मजल्यावर बैल नेता येत नाहीत हे त्यांना चार दिवसांतच पटलं. त्यांच्या टॉवरवर आता नवे ढोल चढलेत आणि आपला बऱ्यापैकी वर गेलाय. नक्की किती ते मी सांगणार नाही, नजर लागते. गाड्याला पुन्हा चारही बैल घरचेच आहेत.

पण त्या गुरुवारी सकाळी हे काहीच ठरलं नव्हतं. काकी आतून चहा घेऊन आल्या. कप बशीत वाजत होता. आबा ओट्यावर आपल्या जुन्या जागी बसले. बशीत चहा ओतला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"साखर कमी हाय," आबा म्हणाले.

काकींनी पदर तोंडाला लावला. "मग घरी जाऊन प्या."

"न्हाई जात," आबा म्हणाले, आणि कप पुढे केला.